अंडरवॉटर आर्किओलॉजीच्या फील्ड स्कूलला जायचंय? आधी कमाटी बागेत टेप धरून बघा

प्रश्न थोडक्यात असा. बडोद्याच्या दोघी मावसबहिणी, एक एम. एस. युनिव्हर्सिटीत आर्किओलॉजीचं एमए करतेय, दुसरी भरूचकडच्या जुन्या मातीच्या भांड्यांवर पीएचडी करतेय. पुढच्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात एका बुडालेल्या जहाजावर तीन आठवड्यांचं फील्ड स्कूल (प्रत्यक्ष साइटवर काम करत शिकायचा कोर्स) आहे, तिथे जायचा विचार. एमएवालीला पोहता येतं पण डायव्हिंग कधी केलेलं नाही, वर नंबरचा चष्मा. पीएचडीवालीला खोल पाण्याची भीतीच वाटते. विचारतायत की कोर्स कुठून करायचा आणि कुठपर्यंत, डाइव्ह न करता जाण्यात काही अर्थ आहे का, घरच्यांना काय सांगायचं, आणि एवढे पैसे घालून परत आल्यावर इकडे उपयोग काय, कारण आपल्या खंभातच्या आखातात तर स्वतःचा हात दिसत नाही.

सगळ्याचं उत्तर देते, पण क्रम माझा.

सगळ्यात आधी डायव्हिंगचं जे ग्लॅमर डोक्यात बसलंय ना ते जरा बाजूला ठेवा. स्कूटी चालवता येते म्हणून कोणी सिव्हिल इंजिनिअर होत नाही, साइटवर पोचायला ती लागते एवढंच, डायव्हिंगचं तसंच आहे. १९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्याला जॉर्ज बास गेला तेव्हा तो पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीतला विद्यार्थीच होता, डायव्हिंग शिकला होता तो फिलाडेल्फियातल्या वायएमसीएच्या पूलमध्ये, तेही या कामासाठी म्हणून नुकतंच. पण जमिनीवर उत्खनन कसं करतात हे त्याला माहीत होतं आणि त्याने हट्ट धरला की समुद्राच्या तळावर पण तसंच करायचं, मोजून, नकाशा काढून, प्रत्येक वस्तू कुठे पडली होती ते लिहून. तोपर्यंत पद्धत अशी की डायव्हर खाली जाऊन चांगल्या चांगल्या वस्तू वर आणणार आणि अभ्यासक बोटीत बसून त्या बघणार. सुमारे ३२०० वर्षांपूर्वीचं ते जहाज तळावरच पूर्ण खोदून काढलं आणि तिथून हा विषय खऱ्या अर्थाने सुरू झाला. त्यामुळे फील्ड स्कूलमध्ये तुम्हाला काय सापडलं हे कोणी विचारत नाही, तुम्ही काय मोजलं आणि ते परत कोणाला वाचता येईल का, हे विचारतात.

आता याचा अर्थ कच्चं डायव्हिंग घेऊन गेलं तरी चालेल असा काढू नका, उलटच आहे. डायव्हिंग इतकं अंगवळणी पडलेलं पाहिजे की डोकं त्यात अडकायलाच नको. एक हिशोब सांगते तो नीट बघा. साइट १८ मीटरवर आहे असं धरू. तिथे दाब वरच्या २.८ पट असतो, म्हणजे प्रत्येक श्वासाला हवाही २.८ पट जाते. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर ११ लिटरचं, त्यात २०० बारने (बार म्हणजे दाबाचं माप) भरलेली हवा. (घरचे ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात, त्यात साधी हवाच असते बरं का.) ५० बार राखून ठेवायचे असतात, राहिली साधारण १६५० लिटर. नवीन डायव्हर घाबरत घाबरत मिनिटाला २० ते २५ लिटर ओढतो, म्हणजे त्या खोलीवर ५६ ते ७०. भागाकार करा, २४ ते ३० मिनिटं. शांत श्वास घेणारा मिनिटाला १४ लिटरवर चालतो, त्याला चाळीसच्या वर मिळतात. आता या २४ मिनिटांत खाली उतरायचं, आपला पॉइंट शोधायचा, टेप लावायचा, तीन मापं घ्यायची, लिहायची आणि हळूहळू वर यायचं. ज्याला अजून मास्कमध्ये पाणी शिरलं की धडकी भरते त्याच्या हातून एखादं माप झालं तर झालं.

म्हणून कोर्सचं म्हणाल तर ओपन वॉटर, म्हणजे पहिलं सर्टिफिकेट, हे कमीत कमी, त्यात १८ मीटरपर्यंतची परवानगी मिळते, आणि जमलं तर ॲडव्हान्स्ड, म्हणजे ३० मीटर. पण कार्डापेक्षा मधल्या डाइव्ह महत्त्वाच्या. कार्ड घेऊन थेट विमानात बसणारी मुलं लगेच ओळखू येतात, तळाला टेकून फिन मारतात आणि सगळ्यांसमोर गाळाचा पडदा उभा राहतो, मग पुढची पंधरा मिनिटं कोणालाच काम करता येत नाही. एक परीक्षा स्वतःच घ्या. पूलच्या तळाच्या हातभर वर, कशालाही हात न लावता तरंगत राहायचं आणि स्लेटवर (पाण्याखाली लिहायची पाटी) पाच मिनिटं काहीतरी लिहीत राहायचं, पाढे लिहा, ग्रोसरीची यादी लिहा. वर गेला नाहीत, खाली टेकला नाहीत आणि अक्षर वाचता आलं तर तुम्ही तयार.

कोर्स करायला पोहण्याची अट काही ऑलिम्पिकची नसते, सलग २०० मीटर, वेळेची मर्यादा नाही, आणि दहा मिनिटं नुसतं तरंगणं. बडोद्यात कॉर्पोरेशनच्या पूलवर महिन्याची फी भरून हे सहज तयार होतं, पहाटेची बॅच घ्या, संध्याकाळी पोरांची झुंबड असते. आणि कृपा करून आजवा सरोवरात किंवा विश्वामित्रीत प्रॅक्टिस करायचं डोक्यात आणू नका, हसू नका, मला दर काही वर्षांनी कोणीतरी विचारतंच. मगरी काही शोभेला ठेवलेल्या नाहीत तिथे. स्कूबाचा कोर्स तारकर्लीला करता येतो, तिथे एमटीडीसीची स्कूबाची संस्था आहे, आपल्या लोकांना भाषेचं आणि जेवणाचं दोन्हीचं सोपं पडतं. गोवा आहे, मुरुडेश्वरजवळ नेत्राणी आहे, अंदमान सगळ्यात सुंदर पण खिशाला जड. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळं बंद असतं, ऑक्टोबर ते मे एवढाच सीझन, म्हणजे तुम्हाला मेमध्ये सुचलं आणि जूनमध्ये केलं असं होणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत कोर्स, मग डिसेंबर-जानेवारीत पुन्हा चार दिवस काढून नुसत्या डाइव्ह, असं बसवा.

मेडिकल फॉर्म हलक्यात घेऊ नका. दमा, फिट येणं, हृदयाचं काही, कानाच्या पडद्याचं जुनं दुखणं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरची सही लागते आणि ती लपवून चालत नाही, कारण खाली काही झालं तर तुमच्याबरोबर तुमचा बडी, म्हणजे डाइव्हमधला जोडीदार, पण अडकतो. कान तर मुद्दाम दाखवा ईएनटीला. सर्दी असताना डाइव्ह करायची नाही म्हणजे नाही, फील्ड स्कूलमध्ये निम्म्या लोकांचे दोन-तीन दिवस सर्दीतच जातात. मासिक पाळीत डाइव्ह करता येते, शार्क येतात वगैरे त्याला काही आधार नाही. आणि परतीचं तिकीट काढताना शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही हे धरून काढा. लोक शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळचं फ्लाइट असा हिशोब करतात आणि मग शेवटच्या डाइव्हला मुकतात.

आता जे खरं काम आहे त्याकडे येते.

कमाटी बागेत जा, चार खुंट्या घ्या, हिरवळीवर साधारण पाच मीटरच्या चौकोनात ठोका, त्यांना ए, बी, सी, डी नाव द्या. मधे एक स्टीलचा तांब्या ठेवा. आता तांब्याच्या काठावरचा एक ठरावीक बिंदू, नुसता तांब्या नाही, बिंदू, त्याचं ए पासून, बी पासून आणि सी पासून अंतर मोजा. घरी येऊन ग्राफ पेपरवर कंपासने तीन कमानी काढा. तिन्ही एका जागी भेटल्या तर ठीक, मधे छोटासा त्रिकोण राहिला तर तो तुमच्या चुकीचा आकार. बागेत तो एखाद्या सेंटिमीटरचा येतो. समुद्रात पहिल्या दिवशी वीस सेंटिमीटरचा येतो, आणि तिथेच मुलं रडकुंडीला येतात कारण त्यांना वाटतं आपण तर नीट मोजलं होतं.

काय झालेलं असतं सांगते. प्रवाहामुळे टेप धनुष्यासारखा वाकलेला असतो, आणि तो किती वाकलाय हे टेप धरणाऱ्याला दिसतच नाही, बाजूने बघणाऱ्याला दिसतं. टेपचा शून्य नक्की कुठे आहे, कडीच्या आत का बाहेर, हे दोघींनी वर ठरवलेलं नसतं. शून्य धरणारी पॉइंटवर नीट धरतेय का हे दुसरीला कळत नाही, म्हणून टेपलाच झटके द्यायचे असतात, एक म्हणजे थांब, दोन म्हणजे वाचलं, पुढच्या पॉइंटला जा, किंवा तुम्ही ठरवाल ते, पण वर ठरवा. आणि आकडा वाचताना मीटरचा आकडा मागे राहून जातो, ४७ लिहिलेलं असतं, पण ते २.४७ होतं का ३.४७ हे बोटीवर आल्यावर कोणालाच आठवत नाही. हे सगळं मी पुन्हा पुन्हा बघितलंय, हुशार मुलांकडून पण होतं. उपाय एकच, आकडा पूर्ण लिहायचा, आणि चौथ्या खुंटीपासूनचं माप नेहमी घ्यायचं, लागत नसलं तरी. ते चौथंच सांगतं की आधीच्या तिघांतलं खोटं कोण बोलतंय.

लिहायला पेन्सिल, दोरीने स्लेटला बांधलेली, नाहीतर लाकडी पेन्सिल सुटली की वर तरंगत जाते आणि तुम्ही बघत बसता. स्लेटवर ड्राफ्टिंग फिल्म चिकटवतात, मॅटवाली, ती ओली असताना पण पेन्सिल उठते. नजरेच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका, पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते आणि जवळ आल्यासारखी वाटते. टेपने फरक पडत नाही कारण टेपही तेवढाच फुगलेला दिसतो, पण "साधारण वीस सेंटिमीटरचा तुकडा" असं डोळ्यांनी ठरवून लिहिलं की फसलात.

पूलमध्ये अजून एक करा, मास्कला आतून ॲल्युमिनियम फॉइल लावा आणि आंधळेपणी टेप धरून दोन खुंट्यांमधलं अंतर मोजा, दर अर्ध्या मीटरवर दोऱ्याची गाठ मारलेली असेल तर बोटांनी मोजता येतं. (इन्स्ट्रक्टर शेजारी पाहिजे, एकट्याने नाही.) खंभातच्या आखातात काय उपयोग असं जे विचारलंत ना, त्याचं उत्तर यातच आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, एवढं पाणी रोज आत-बाहेर होतं, गाळ कधी बसतच नाही. तिथे काम हाताच्या स्पर्शाने किंवा सोनारने (आवाजाच्या लहरी सोडून तळाचं चित्र मिळवणारं यंत्र). स्वच्छ पाण्यात पद्धत शिकून मग ती अंधारात वापरायची, उलटं होत नाही.

मुलं विचारतात की आता फोटोग्रामेट्री, म्हणजे खूप फोटो जोडून मॉडेल बनवणं, आहे तर टेप कशाला. फोटोग्रामेट्रीने क्रांतीच झालीय, खरं आहे, एका डाइव्हमध्ये पूर्ण साइटचं थ्रीडी मॉडेल मिळतं. शेत नांगरल्यासारख्या सरळ पट्ट्यांत जायचं, प्रत्येक फोटो आधीच्याशी ७०-८० टक्के ओव्हरलॅप, मग आडव्या पट्ट्या, मग कडेने तिरके फोटो, फ्रेममध्ये स्केल बार ठेवलेला. पण मॉडेल छान दिसतं म्हणून ते बरोबर असतंच असं नाही, लांबट साइटचं मॉडेल केळ्यासारखं वाकतं, आणि ते वाकलंय हे कळायला टेपनी घेतलेली चार मापं लागतातच. शिवाय हाताने फळीचं चित्र काढताना तुम्ही तिथे वीस मिनिटं बघत असता, खिळा आहे का लाकडी खुंटी आहे, कुऱ्हाडीचे घाव कुठल्या दिशेने आहेत. कॅमेरा ते बघत नाही, नुसता घेतो.

खणणं म्हणजे काय ते पण कल्पनेतलं आणि खरं वेगळं. हाताच्या पंजाने पाणी हलवून वाळू उडवायची, आणि उडालेली वाळू वॉटर ड्रेज नावाच्या पाइपने ओढून लांब टाकायची. पाइप हातात वस्तूच्या जवळ न्यायचा नाही, तो फक्त गढूळ ओढायला. दुसऱ्या टोकाला जाळी, म्हणजे काही सुटलंच तर अडकतं. तुर्कस्तानातल्याच उलुबुरुनच्या जहाजावर १९८४ ते १९९४ अशी अकरा उन्हाळे खोदाई चालली, साइट ४४ मीटरपासून खाली उतरत गेलेली, एकूण २२,४१३ डाइव्ह झाल्या, आणि दर माणसाला दिवसात दोनदा साधारण वीस-वीस मिनिटं मिळायची. ते जहाज सापडलं कसं माहितीय का, १९८२ मध्ये एका स्पंज काढणाऱ्या डायव्हरने सांगितलं की खाली "कान असलेली धातूची बिस्किटं" पडलीत. ती तांब्याच्या लाद्या होत्या, ब्राँझ युगातल्या. तिथल्या अभ्यासकांनी आधीपासून गावोगाव जाऊन स्पंजवाल्यांना अशा लाद्यांचं चित्र दाखवून ठेवलं होतं म्हणून ते बोलणं वाया गेलं नाही. तुम्हाला गुजराती घरच्यासारखं येतं, ओखा, वेरावळ, घोघा, कुठेही खारव्यांशी, म्हणजे तिथल्या समुद्रावर जाणाऱ्या लोकांशी, बसून बोलता येईल, हे भांडवल बाहेरून येणाऱ्या कुठल्याही संशोधकाकडे नसतं. जाळं कुठे अडकतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. जायच्या आधी मांडवीलाही एक चक्कर मारून या, रुक्मावतीच्या काठावर अजून लाकडी जहाजं बांधतात, आधी काय बसवतात आणि नंतर काय ते उभं राहून बघा. तुटलेलं जहाज समजायला धड जहाज बघितलेलं असावं लागतं.

आता जिला डाइव्ह करायची नाही तिच्यासाठी. बिनधास्त जा. भीती वाटत असताना बहिणीच्या नादाने कोर्स करू नका, पण जाऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट मला विचाराल तर दोघींपैकी जास्त फायदा तुमचा आहे. कारण ऐका. बेट द्वारकेच्या पाण्यातून एनआयओच्या (गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) लोकांना रोमन ॲम्फोराचे तुकडे मिळाले, ते मोठे दोन कानांचे वाइनचे रांजण. आपल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी साइट्सवर असे तुकडे ॲम्फोरा म्हणून नोंदवले गेले आणि पुढे बघितलं तर त्यातले बरेच निघाले टॉर्पेडो जार, म्हणजे इराण-मेसोपोटेमियाकडचे लांबोडके, कान नसलेले, आतून डांबर लावलेले. व्यापाराची दिशाच बदलली की नाही? आत काळा लेप ॲम्फोरालाही असतो, म्हणून नुसतं काळं दिसलं की ठरवता येत नाही. खरा भूमध्य ॲम्फोरा हातात घेऊन, त्याची मोडलेली कड भिंगाखाली बघून जी नजर तयार होते ती इथे फोटो बघून होत नाही, आणि भरूचच्या मालावर काम करणाऱ्या मुलीला तीच हवी. तिथे मोठ्या टबांसमोर बसून तीन आठवडे तुम्ही तेच करणार.

त्या टबांबद्दलही सांगते, कारण डाइव्ह करणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. समुद्रातून आलेलं खापर वाळू द्यायचं नाही. त्याच्या छिद्रांत मीठ असतं, वाळलं की मिठाचे खडे होतात आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, रंगवलेली नक्षी असेल तर तीच पहिली जाते. म्हणून आधी समुद्राच्याच पाण्यात ठेवायचं, मग हळूहळू गोडं पाणी वाढवायचं, पाणी बदलत राहायचं, क्षार मोजत राहायचं, महिने जातात. लाकडाचं तर विचारू नका. स्वीडनचं वासा जहाज १६२८ मध्ये बुडालं, १९६१ मध्ये वर काढलं, आणि त्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे फवारे मारत होते १७ वर्षं, नाहीतर लाकूड वाळताना आक्रसून फाटलं असतं. म्हणूनच युनेस्कोच्या २००१ च्या करारात पहिला पर्याय जागेवरच ठेवण्याचा धरलाय आणि विक्रीसाठी काढायला मनाई आहे. रंग पण वरच बघायचा, लाल रंग पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच जातो, खाली लाल खापर मातकट हिरवट दिसतं, तिथे काय लिहिणार.

पैसे भरायच्या आधी स्कूलला ईमेल करून विचारा की सरकारी परवाना कोणाच्या नावावर आहे, एका सुपरवायझरमागे किती विद्यार्थी, दिवसाला किती डाइव्ह आणि किती मीटरवर, रीकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर त्रास झालेल्याला पुन्हा दाबाखाली ठेवायची खोली) किती दूर आहे, निघालेल्या वस्तूंचं कॉन्झर्व्हेशन कोण करणार आणि त्याचे पैसे कोणाकडे आहेत, आणि मागच्या सीझनचा रिपोर्ट छापून आलाय का. शेवटच्या दोन प्रश्नांना जे गुळमुळीत उत्तर देतात त्यांच्याकडे जाऊ नका. वस्तू विकण्याचा किंवा "वाटून घेण्याचा" नुसता वास जरी आला तरी पाय लावून पळा, तुमचं नाव त्यात आलं की पुढे कुठलाच धड प्रोजेक्ट घेणार नाही. फी, विमान, व्हिसा, डायव्हिंगचा इन्शुरन्स सगळं धरून लाखांत जातं, म्हणून युनिव्हर्सिटीकडे ट्रॅव्हल ग्रँट आणि स्कूलकडे फी सवलत दोन्ही मागा, न मागता कोणी देत नाही. सामान स्वतःचं न्यायचं ते मास्क, बूट आणि जमलं तर डाइव्ह कॉम्प्युटर, बाकी जड सगळं तिथे भाड्याने.

परत आल्यावर उपयोग काय, तर खोटं सांगत नाही, नोकऱ्या मोजक्याच. आर्किऑलॉजिकल सर्व्हेची अंडरवॉटर विंग २००१ मध्ये निघाली, गोव्याच्या एनआयओत १९८१ पासून मरीन आर्किओलॉजीचं काम आहे, लोथल खोदणाऱ्या एस. आर. राव यांनी सुरू केलेलं, लोथलला आता नॅशनल मेरिटाइम हेरिटेज कॉम्प्लेक्स उभं राहतंय. त्याशिवाय सोनारच्या डेटावर काम, बंदरांच्या प्रकल्पांआधीचे सर्व्हे, कॉन्झर्व्हेशन लॅब. घरचे म्हणत असतील की हे मुलींचं काम नाही, तर त्यांना फेब्रुवारी २०२५ ची बातमी दाखवा, द्वारकेला सर्व्हेची जी पाच जणांची टीम उतरली त्यात तिघी बायका होत्या.

पण उपयोगाची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. आपल्या गुजरातच्या समुद्राबद्दल रोज काहीतरी ऐकायला येतं, द्वारका सापडली, आखातात शहर सापडलं. २००१-०२ मध्ये खंभातच्या आखाताबद्दल असाच गाजावाजा झाला, सोनारमध्ये चौकोनी आकार दिसले, ड्रेजने तळ खरवडून तुकडे वर काढले, त्यातल्या एका लाकडाचं वय सुमारे ९५०० वर्षं निघालं आणि पेपरात नऊ हजार वर्षांपूर्वीचं शहर छापून आलं. लाकूड जुनं असेल, पण ते त्या आकारांशी जोडलेलं होतं हे कोण सांगणार? ज्या आखातात प्रवाह एवढा जोरात वाहतो तिथे लाकूड कुठूनही येऊन पडू शकतं, आणि ड्रेजमध्ये आलं म्हणजे ते कुठल्या थरातून आलं ही माहिती कायमची गेली. द्वारकेच्या दगडी बांधकामाचं आणि नांगरांचं पण तेच, तीन भोकांचे दगडी नांगर डोळ्यांनी बघितले तर सुंदर, पण दगडाचं कार्बन डेटिंग होत नाही आणि तसे नांगर शतकानुशतकं वापरात होते, म्हणून बांधकामाचं वय ठरवताना शेजारी थरात काय मिळालं यावरच सगळं अवलंबून. कमाटी बागेतल्या तांब्याचं माप ज्याने चार वेळा घेतलंय त्याला ही बातमी वाचताना प्रश्न कुठला विचारायचा ते आपोआप कळतं.

आणि समुद्रच पाहिजे असंही नाही. तुमच्याच डिपार्टमेंटने १९६० च्या सुरुवातीला शामळाजीजवळ देवनी मोरीचा बौद्ध स्तूप खोदला, मेश्वो धरणाचं पाणी यायच्या आधी, आणि मग ती जागा पाण्याखाली गेली. तिथला अस्थिकरंडक डिपार्टमेंटमध्येच आहे. त्या काळच्या नोंदी काढून बघा, कोणी उद्या त्या जलाशयात सोनार फिरवायचं म्हटलं तर सुरुवात त्या कागदांपासून करावी लागेल, पीएचडीनंतरचा विषय म्हणून वाईट नाही.

चष्म्याचं राहिलं. मास्कमध्ये नंबरच्या काचा बसवून मिळतात, मायनस नंबर असेल तर तयार काचा बऱ्याच मास्कना मिळतात, सिलिंड्रिकल जास्त असेल तर बनवून घ्याव्या लागतात आणि त्याला वेळ लागतो. मास्क आधी चेहऱ्याला बसतो का बघा, पट्टा न लावता नाकाने श्वास आत ओढून सोडून द्या, पडला नाही तर तो तुमचा. मग काचा. हे कोर्सच्या आधी करा, कारण ज्याला प्रेशर गेजचा काटा दिसत नाही त्याला कुठलाही शहाणा इन्स्ट्रक्टर पाण्यात उतरवत नाही.